झेंडा घरावर कसा आला?

भारताचा पहिला स्वातंत्र्य दिन साजरा झाला, तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता.

तारीख २६ जानेवारी १९३०, वार रविवार. लाल किल्ल्यावरचं भाषण नाही, परेड नाही, तोफांची सलामी नाही. सरकारी सुट्टीचा तर प्रश्नच नव्हता, कारण सरकार ब्रिटिशांचं होतं. तरीही शहरांच्या मैदानांत, खेड्यांच्या चावडीसमोर लोक जमले, तिरंगा उभारला आणि एक प्रतिज्ञा वाचली. आज आपण १५ ऑगस्टला जे काही करतो, म्हणजे सकाळी लवकर उठणं, फेरी काढणं, झेंड्याभोवती जमणं, एकत्र उभं राहून काहीतरी म्हणणं, त्यातलं बरंचसं त्या काळात रुळलं. म्हणजे स्वातंत्र्य दिन स्वातंत्र्याहून सतरा वर्षांनी मोठा आहे.

हा इतिहास पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो: लाहोर काँग्रेस, पूर्ण स्वराज्य, पुढचा धडा. पण तो सावकाश पाहिला, तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. झेंडा नेमका कुणाचा? सरकारचा, की तो गॅलरीत लावणाऱ्या माणसाचा? या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदललं आहे. त्यासाठी लोक तुरुंगात गेले आहेत, गोळ्या झेलल्या आहेत आणि सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलेही आहेत.

भाषण नको, प्रतिज्ञा वाचा

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. वसाहतीचं स्वराज्य नको, संपूर्ण स्वातंत्र्य हवं, असा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी तिरंगा फडकला. पण ठराव करणारे काही हजार. देशाला तो आपला वाटायचा, तर घराघरांतल्या माणसाने काहीतरी करायला हवं होतं. म्हणून जानेवारीतला शेवटचा रविवार निवडला गेला.

कार्यक्रम मुद्दाम साधा ठेवला होता. ठरलेल्या वेळी लोकांनी जमायचं, झेंडा लावायचा, आपापल्या भाषेत प्रतिज्ञा वाचायची आणि हात वर करून तिला होकार द्यायचा. भाषणबाजी टाळायची. उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यता निवारण, हिंदू-मुस्लिम ऐक्य, दारूबंदी अशा विधायक कामात घालवायचा, असं गांधीजींनी सुचवलं होतं.

प्रतिज्ञेतला मुद्दा मात्र सौम्य नव्हता. स्वातंत्र्य आणि आपल्या कष्टाचं फळ हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. जे सरकार तो हिरावून घेतं, ते बदलण्याचा किंवा संपवण्याचा अधिकार लोकांना आहे. आणि अशा राज्यापुढे मान तुकवणं हा गुन्हा आहे, असा तिचा आशय होता. थोडक्यात, पहिला स्वातंत्र्य दिन म्हणजे उत्सव कमी आणि नोटीस जास्त.

त्या दिवशीचा झेंडाही आपल्या झेंड्यासारखा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम १९३१ मध्ये आला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७ रोजी, संविधान सभेच्या ठरावाने.

पुढे १९४७ पर्यंत दर वर्षी २६ जानेवारी हाच स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला गेला. खरं स्वातंत्र्य ऑगस्टमध्ये मिळालं आणि या तारखेचं काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं होतं, पण ते पूर्णपणे लागू करण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारी गाठली गेली, ती याच आठवणीसाठी. आपल्या दोन राष्ट्रीय सणांपैकी थोरला खरं तर प्रजासत्ताक दिन आहे.

प्रभातफेरी कुठून आली?

शाळेत असताना तुम्हीही प्रभातफेरीत चाललाच असाल. पांढरे बूट, हातात कागदी झेंडा, पुढे लेझीम आणि मागून सर ओरडतायत, ‘रांग मोडू नका’. शाळेच्या शिस्तीचा भाग वाटणारी ही गोष्ट १९३० साली शिस्त मोडण्यासाठी होती.

सविनय कायदेभंगाच्या दिवसांत मुंबईत पहाटे स्त्री-पुरुषांचे छोटे जथे गाणी म्हणत गल्ल्यांतून फिरायचे. देशसेविका संघाच्या स्त्रिया त्यात पुढे होत्या. दिवसा सभा घेतली की पोलीस ती उधळणार; पण पहाटे गाणं म्हणत जाणाऱ्यांना अडवायचं कुठल्या तोंडाने? पहाटे दारावरून कुणी गात जाणं महाराष्ट्राला नवं नव्हतंच. वासुदेव यायचा, देवळात काकड आरती व्हायची. लोकांच्या कानाला जे ओळखीचं होतं, त्याच वाटेने राजकारण घरात शिरलं. मीटिंगला न जाणारी, वर्तमानपत्र न वाचणारी बाईही खिडकीतून ते गाणं ऐकत होती.

झेंड्याची किंमत

झेंडा घेऊन रस्त्याने चालणं हा गुन्हा ठरू शकतो, हे महाराष्ट्राने त्याआधीच पाहिलं होतं. १९२३ साली जबलपूरला पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने झेंड्याची मिरवणूक निघाली आणि त्यातूनच पुढे नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, झेंडा घेऊन जायला बंदी होती. १ मेपासून रोज स्वयंसेवकांची तुकडी निघायची, हद्दीवर अटक व्हायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी यायची. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. मागणी काय होती? फक्त एका रस्त्यावरून एक कापड घेऊन चालण्याची.

सोलापूरने त्यापुढची पायरी गाठली. ६ एप्रिल १९३० रोजी, गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. लोकांनी निवडलेल्या संस्थेने आपल्या इमारतीवर आपला झेंडा लावणं हे सरकारला झोंबणारं होतं. पुढच्याच महिन्यात शहर पेटलं, गोळीबार झाला आणि १२ मेपासून सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. झेंडा आणि गांधी टोपी दोन्ही गुन्ह्याच्या खुणा झाल्या. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ही चार नावं एका दमात म्हणून पाहा. त्या काळचं सोलापूर त्यात सापडतं.

आणि नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ सुरू होऊन बरोबर एक महिना झाला होता. शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झेंडा हाती धरलेला शिरीषकुमार मेहता कोसळला, त्याच्याबरोबर आणखी चौघे. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट १९४७

१५ ऑगस्ट ही तारीख आपण निवडलेली नाही. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती आणि ही तारीख माउंटबॅटन यांच्या मनात होती. वार शुक्रवार. मध्यरात्री संविधान सभेत शपथा झाल्या, दिवसभर दिल्लीत माणसांचा समुद्र होता, मुंबई दिव्यांनी उजळली होती. नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला तो मात्र १६ तारखेला.

त्या दिवशी गांधीजी दिल्लीत नव्हते. कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात, दंगलीने पोळलेल्या वस्तीत, ते उपवास आणि सूतकताई करत होते. १९३० च्या स्वातंत्र्य दिनासाठी त्यांनी सुचवलेला कार्यक्रम जवळपास हाच होता. सीमारेषा कुठून जाणार हे पंजाब-बंगालच्या लोकांना अजून सांगितलंच नव्हतं. रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. झेंडे आधी लागले आणि आपलं गाव कुठल्या देशात आहे, हे नंतर कळलं. सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं पुढे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली. त्याच छावण्यांचं नंतर उल्हासनगर झालं. त्यांच्या घरात १५ ऑगस्ट ही एकाच वेळी देश मिळाल्याची आणि गाव सुटल्याची तारीख होती.

३९९ दिवस उशीर

आता नकाशा थोडा पूर्वेकडे सरकवा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. त्या वेळी मराठवाड्याचे हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजामाला भारतात यायचं नव्हतं. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ रोजी अहमदनगरच्या एखाद्या गावात पेढे वाटले जात असताना हद्दीपलीकडच्या बीडच्या गावात तिरंगा लावणं हा गुन्हा होता. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी झेंड्याच्या कार्यक्रमावरून अटक झाली. अनेक कार्यकर्ते हद्द ओलांडून बाहेर पडले आणि सीमेवरच्या कॅम्पांतून लढू लागले. आत रझाकारांची दहशत होती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजलं तर ३९९ दिवस. म्हणून मराठवाड्यात आजही १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो. उरलेल्या महाराष्ट्रातल्या अनेकांना ही तारीख आठवतही नाही, आणि हे मराठवाड्याचं जुनं दुखणं आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. फौजा आल्यानंतर संस्थानाच्या अनेक भागांत सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला, हजारो माणसं मारली गेली. चौकशीसाठी केंद्राने जी समिती पाठवली, तिचे प्रमुख पंडित सुंदरलाल होते. होय, १९२३ साली जबलपुरात झेंड्याची मिरवणूक काढणारे तेच. त्यांचा अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. झेंड्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने झेंड्याच्या नावावर काय घडलं, हेही लिहून ठेवलं. स्वातंत्र्य दिनाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

स्वातंत्र्य दिन पलीकडे नेताना

गोव्याला तर चौदा वर्षं थांबावं लागलं. तिथे १५ ऑगस्ट हा साजरा करण्याचा नाही, हद्द ओलांडण्याचा दिवस झाला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले. हाती शस्त्र म्हणून काही असेल, तर तो झेंडा. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्यात पनवेलचे हिरवे गुरुजी होते, पंजाबचे कर्नेलसिंग होते. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांनी झेंडा हाती धरला होता. त्या गोळ्या लागूनही वाचल्या आणि पुढे लोकसभेत गेल्या. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे. मुंबई-गोवा हायवेने बीचकडे जाताना ते वाटेतच लागतं. पुढच्या ट्रिपला दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. म्हणून गोव्याच्या कॅलेंडरवर १५ ऑगस्टशिवाय १८ जूनचा क्रांती दिन आणि १९ डिसेंबरचा मुक्ती दिनही आहे. देश एकाच रात्री स्वतंत्र झाला, हे वाक्य भाषणात छान वाटतं. नकाशावर ते खरं नाही.

झेंडा ऑफिसात गेला

स्वातंत्र्यानंतर एक मोठा बदल झाला. जो झेंडा लोकांनी सरकारच्या नाकावर टिच्चून लावला, तो आता सरकारचाच झाला. तो कुठे, कधी, कुणी लावायचा, याचे नियम आले. काही नियम योग्यच होते. झेंड्याचं कापड, रंग, माप ठरलेलं असावं, हे कुणाला पटणार नाही? भारतीय मानकांच्या यादीत ‘आयएस १’, म्हणजे पहिला क्रमांक, राष्ट्रध्वजाचा आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, ठरलेली नऊ मापं, अगदी १५० बाय १०० मिलिमीटरपर्यंत.

पण त्याबरोबर झेंडा सामान्य माणसापासून लांबही गेला. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गांधी जयंती असे मोजके दिवस सोडले, तर नागरिकाने आपल्या घरावर झेंडा लावायचा नाही, असा संकेत रूढ झाला. आणि ‘कुणी लावायचा’ हा प्रश्न तर वरपर्यंत होता. १९७३ पर्यंत राज्याच्या राजधानीत १५ ऑगस्टचा झेंडाही राज्यपालच फडकवायचे. तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी आग्रह धरला, तेव्हा १९७४ पासून तो मान लोकांनी निवडलेल्या मुख्यमंत्र्यांकडे आला.

हाच प्रश्न खाली गावात वेगळ्या रूपात येतो. ग्रामपंचायतीसमोरचा झेंडा सरपंच लावतो. पंचायतींत स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्यानंतर, ज्या हातांना गावाने कधी पुढे येऊ दिलं नव्हतं, त्या हातांत झेंड्याची दोरी आली. काही गावांनी ते आनंदाने मान्य केलं. काही ठिकाणी बाई खुर्चीवर आणि दोरी नवऱ्याच्या हातात, असा प्रकारही झाला. सामाजिक समता नसेल तर राजकीय समता डळमळेल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो इशारा तपासायचा असेल, तर १५ ऑगस्टला सकाळी आठ वाजता पंचायतीसमोर उभं राहावं आणि दोरी कुणाच्या हातात आहे, ते पाहावं.

कोर्टात जिंकलेला झेंडा

रायगड (आपलं नव्हे, आता छत्तीसगडमध्ये असलेलं) इथल्या आपल्या कारखान्यावर उद्योगपती नवीन जिंदाल रोज तिरंगा लावत. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, १९९५ मध्ये निकाल जिंदाल यांच्या बाजूने लागला, सरकार अपिलात गेलं. मधल्या काळात २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि नागरिकांना वर्षभर झेंडा लावायला मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की सन्मानाने झेंडा फडकवणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे. वाजवी बंधनं असतील, पण हक्क नागरिकाचा आहे.

या निकालाचा अर्थ नीट पाहा. झेंडा लावणं ही सरकारशी निष्ठा दाखवण्याची सक्ती नाही, ती आपलं म्हणणं मांडण्याची मुभा आहे. १९३० च्या प्रतिज्ञेशी याचं नातं सरळ आहे.

मग आलं २०२२. स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं, १३ ते १५ ऑगस्ट, ‘हर घर तिरंगा’. एकेकाळी घरावर झेंडा लावू नका म्हणणारं सरकार आता लावा म्हणत होतं. इतके झेंडे एकदम हवे, तर हातमाग पुरणार नव्हता. डिसेंबर २०२१ मध्येच संहितेत बदल होऊन मशीनवर बनलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली होती. जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा ठेवायला मुभा मिळाली. झेंडा स्वस्त झाला, हाऊसिंग सोसायटीपासून पारधी वस्तीपर्यंत पोहोचू शकला, ही जमेची बाजू.

खर्चाची बाजू नांदेडला आणि हुबळीजवळच्या बेंगेरीला विचारावी लागेल. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि बेंगेरीच्या खादी संस्थेत हातकताईच्या कापडाचे राष्ट्रध्वज तयार होतात. बेंगेरीच्या संस्थेने या बदलाला उघड विरोध केला. तिथे शिवणाऱ्या हातांत बहुतेक बायका आहेत. १९३० च्या स्वातंत्र्य दिनाला सूत काता म्हणून सांगितलं होतं, कारण झेंड्याचं कापड आणि माणसाचं पोट यांचा संबंध तेव्हाच्या लोकांनी जोडून ठेवला होता. तो धागा पॉलिस्टरमध्ये सुटतो.

जिलबी आणि ग्रामसभा

मग आज १५ ऑगस्ट साजरा करायचा कसा? सोशल मीडियावर याचे दोनच पर्याय दिसतात: डीपी बदला, किंवा डीपी बदलणाऱ्यांची टर उडवा. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली माणसं दोन्हीपेक्षा शहाणी आहेत.

कोल्हापुरात या दिवशी जिलबीचे स्टॉल लागतात, लोक झेंडावंदन उरकून किलोकिलोने जिलबी घरी नेतात. कुठल्याही सरकारी परिपत्रकात हे नाही. सण लोकांनी आपला मानला, याची याहून गोड खूण नसेल.

आणि त्याच दिवशी गावात ग्रामसभा असते. झेंडा वर गेला की खाली प्रश्न सुरू होतात. नळाला पाणी का नाही, घरकुलाच्या यादीत नाव का नाही, रस्त्याचे पैसे गेले कुठे? कलेक्टर ऑफिससमोर उपोषणाला बसायलाही लोक हाच दिवस निवडतात. काहींना हे रसभंग वाटतं. पण सतरा वर्षं हा दिवस आधी साजरा करणाऱ्यांना ते वाटलं नसतं. त्यांनी झेंड्याखाली उभं राहून राज्यकर्त्यांना जाबच विचारला होता.

तेव्हा यंदा झेंडा जरूर लावा. केशरी वर, फाटलेला नको, मळलेला नको. आणि १६ तारखेला तो रस्त्यावर पडू न देता नीट घडी करून ठेवा. जिलबी आणा. आणि गावात असाल, तर जिलबी खाऊन झाल्यावर ग्रामसभेला जाऊन बसा, एक प्रश्न तरी विचारा. उत्सवाचा तोच भाग सगळ्यात जुना आहे.